मांडीवरून पुढे गेलेलं तबक

माझी आई गेल्या वर्षी गेली. तिच्या मातीला आमची सगळी मंडळी आली होती. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. आम्ही ख्रिस्ती लोक असंच म्हणतो. सगळ्यांनी फुलं टाकली, मूठमूठ माती टाकली आणि "किती प्रेमळ होत्या हो" म्हणाले. हसावं की रडावं मला कळेना. ह्याच प्रेमळ बाईला ह्याच माणसांनी कितीतरी वर्षं प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावू दिला नव्हता. आणि त्या भाकरीचं तबक घेऊन बाकांमधून फिरणारा माणूस माझा बाप होता.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेच्या शेवटी भाकरीचे बारीक तुकडे तबकात घालून फिरवतात, मागोमाग द्राक्षरसाचे चिमुकले पेले येतात. मरणाच्या आधी येशू शिष्यांबरोबर जेवला, त्याची ती आठवण. तुकडा नखाएवढा. त्यानं काही पोट भरत नाही. पण तो मिळाला म्हणजे तू आमच्यातली, देवाच्या पंगतीतली. न मिळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आई मूळची लोणंदजवळच्या एका वाडीतली, ऊसवाल्या मराठ्याची थोरली लेक. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. पलटणीत आयुष्य काढून सुभेदार होऊन परत आलेला माणूस. मुलीला सांगलीला नर्सिंग शिकायला पाठवली ती त्यांनीच, आणि तिथल्या दवाखान्यात औषधं देणाऱ्या एका ख्रिस्ती पोराशी तिनं लग्न केलं तेव्हा "माझ्या लेखी मेली" म्हणाले तेही त्यांनीच. ती बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली ते कुणी भरीला घातलं म्हणून नव्हे. वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होती. ज्या पेशंटजवळ नातेवाईकसुद्धा थांबत नसत त्याचा हात धरून ती शेवटपर्यंत बसायची. ते बघून आईला वाटलं, ह्यांचा देव माणसाला टाकत न्हाई. तेवढ्या भांडवलावर ती ख्रिस्ती झाली. बाकीचं शास्त्र तिला फारसं कधी आलं नाही.

पप्पांना सगळं यायचं. ते तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, मंडळीच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी, नाकासमोर चालणारे. रविवारी आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरात चूल पेटत नसे, शनिवारी केलेलं खायचं. रविवारी भाजी आणायची नाही, दाढी करायची नाही, मोठ्यानं हसलं तरी ते वर बघायचे. शेजारच्या काकू संक्रांतीला तिळगूळ आणायच्या. तो मूर्तीपुढं ठेवलेला असणार म्हणून पप्पा वाटी तशीच परत पाठवायचे, आणि आई संध्याकाळी स्वतःच्या हातची शेवयांची खीर घेऊन तिकडं जायची, मिटवामिटवी करायला. आमच्या घरातला देव हायवेला उभ्या असलेल्या आरटीओसारखा होता. गाडीचे कागद कितीही बरोबर असोत, काहीतरी निघणारच.

पप्पा वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या घालाल, आणि तो हक्क फक्त माझा आहे. त्यांनी कधी दारू शिवली नाही, कुणाला फसवलं नाही, आईवर कधी हात उगारला नाही. ते भीत होते, एवढंच. आपण थोडे ढिले पडलो तर देव आपल्याला सोडून देईल, ही भीती त्यांच्या हाडात मुरलेली होती.

मी बारावीत असताना आबा वारले. लग्नानंतर आईनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. मामाचा फोन आला, "आक्का, आबा गेलं. शेवटाला तुजंच नाव घेत हुतं. दहाव्याला तरी ये." आई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि खाली बसून ढसाढसा रडली. पप्पांनी तिला जायला परवानगी दिली, पण अटी घालून. हात जोडायचे नाहीत, प्रसाद घ्यायचा नाही, विधीच्या वेळी लांब उभं राहायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. मला बरोबर पाठवलं ते सोबत म्हणून की पहारा म्हणून, देव जाणे.

दहावा नीरेच्या काठावर होता. पिंड ठेवले आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघू लागले. कावळे होते, समोरच्या बाभळीवर भरपूर होते. पण एक खाली उतरेल तर शपथ! मेलेल्याचा जीव कशात तरी अडकला की कावळा शिवत नाही, असं तिकडं मानतात. मग घरचे एकेक पुढं होऊन मोठ्यानं शब्द देतात. मामा म्हणाला, "आबा, बारकीचं लगीन चांगलं करतो." कावळा नाही. चुलता म्हणाला, "बांधाचं भांडण मिटिवतो." कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करून उरकून टाकायच्या बेतात होते. तेवढ्यात आबांची चुलत बहीण, वाकलेली म्हातारी, काठी आपटत ओरडली, "आरं मुडद्यांनो, लेक हितं उभी हाय की! जीव तिच्यात अडकलाय त्येचा. तिला आणा म्होरं."

आई सगळ्यांच्या मागं उभी होती, हात मागं धरून, सांगितल्यासारखी. तिनं माझ्याकडं बघितलं. ती चालत पुढं गेली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. म्हणाली, "आबा, मी लय सुखात हाय. माजा राग न्हाई तुमच्यावर. तुमी जावा आता."

आणि कावळा उतरला. ह्यावर तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. योगायोग म्हणा, भूक म्हणा. मी तिथं उभी होते आणि मी पाहिलं. मामानं तिथल्या तिथं बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं, म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. दुपारी आईला पहिल्या पंगतीत बसवलं. ती जेवली. पोटभर, रडत रडत, जेवली.

तिथवर सगळं ठीक होतं. कुणाला काही कळलं नसतं. लोणंदची गोष्ट सांगलीला कोण सांगायला येणार होतं? पण आमची आई म्हणजे आमची आई! बुधवारच्या प्रार्थनासभेत साक्ष द्यायची पद्धत असते. देवानं आपल्यासाठी ह्या आठवड्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. कुणी मुलगा पास झाल्याचं सांगतं, कुणी ताप उतरल्याचं. आई सहसा उठत नसे. त्या बुधवारी उठली. चेहरा असा उजळलेला, की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. आणि तिनं अख्ख्या मंडळीसमोर सांगितलं, की प्रभूनं माझा बाप मला परत दिला, मी हात जोडून बोलले आणि कावळा शिवला, प्रभूचा धन्यवाद असो.

"आमेन" कुणीच म्हणालं नाही. एका बाईनं आपल्या पोराला जवळ ओढलं. पप्पा पहिल्या बाकावर होते, मला त्यांची फक्त मान दिसत होती, ती लालबुंद झाली होती. आईला वाटलं आपलं बोलणं ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, "प्रभूचा धन्यवाद असो." मग हळूहळू खाली बसली.

पंच बसले. तेव्हाचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हातारे होते, शब्दाला शब्द लावून बोलणारे. ठरलं ते असं, की बहिणीनं, म्हणजे आईनं, रविवारी उभं राहून एक वाक्य म्हणायचं, मी मेलेल्यांच्या विधीत भाग घेतला, हे माझ्या हातून पाप झालं. मग सगळं माफ. तोपर्यंत तिला प्रभुभोजन बंद. सेक्रेटरी म्हणून हे तिला घरी सांगायचं काम पप्पांकडं आलं. ते त्यांनी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून केलं, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं.

आई म्हणाली, "आवं, मी बापाला निरोप दिला. त्यात पाप कुठलं ते मला दावा, मग म्हंते."

"हात जोडलेस की नाही?"

"जोडले."

"मग म्हण की चुकले. एक वाक्य आहे. तोंड झिजतंय का?"

"जे मनात न्हाई ते देवाफुडं कसं म्हणू?"

झालं! सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, सुभेदाराचीच लेक ती. आणि पप्पांचं म्हणणं, सेक्रेटरीनं स्वतःच्या बायकोला सूट दिली तर उद्या मंडळीत कोण कुणाचं ऐकेल? दोघंही आपापल्या जागी घट्ट. पुढं पाळकसाहेब निवृत्त झाले, दुसरे आले, तेही गेले. पंचांतले निम्मे देवाघरी गेले. ते एक वाक्य मात्र तसंच राहिलं.

कहर म्हणजे प्रभुभोजनाची तयारी आईच करायची, पहिल्यापासून. आमच्या भागात द्राक्षांना तोटा नाही. हंगामात ती काळी द्राक्षं आणून, उकळून, गाळून बाटल्या भरून ठेवायची. भाकरी भाजायची, सुरीनं तुकडे करायची, पांढरं फडकं झाकून तबक तयार करायची. बंदी आल्यावर हे काम दुसऱ्या कुणी घ्यावं असं सभेत बोलणं झालं, आणि सगळ्या बायकांनी तोंडं फिरवली. म्हणजे तिच्या हातचं चालत होतं, तीच तेवढी चालत नव्हती. मी एकदा संतापून म्हटलं, "बाटल्या फोडून टाक सगळ्या! बसू देत बोंबलत." ती म्हणाली, "येडी का काय तू? लोकं काय खातील मग?"

पहिल्या रविवारी मी तिच्या शेजारी बसायचे. पप्पा तबक घेऊन ओळीच्या टोकाशी उभे राहायचे आणि तबक हातोहात आत यायचं. माझ्याकडून ते घ्यायला पलीकडची बाई आईच्या अंगावरून वाकायची. तबक आईच्या मांडीवरून पुढं जायचं. आई दोन्ही हात पदरात घ्यायची, कुणाला अवघडू नये म्हणून जरा मागं सरायची आणि डोळे मिटायची. पप्पा त्या वेळी खिडकीकडं बघायचे. दर वेळी. मला तो तुकडा गिळवत नसे. मी रुमालात धरून घरी आणायचे आणि तो चिमण्यांना टाकायचे.

पुढं मला साताऱ्याला शाळेत नोकरी लागली आणि मी चर्चला जाणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, वेळ होत नाही. खरं म्हणजे मला राग होता. माझ्या आईला न पुरणारी भाकरी मला नको होती. सुट्टीत सांगलीला आले की आईशी ह्यावरून भांडण ठरलेलं. "तू जातेस कशाला तिथं? स्वाभिमान आहे की नाही तुला?" असं मी एकदा तोंडावर विचारलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "तबक त्येंच्या हातात हाय गं. त्यो न्हाई त्येंच्या हातात." आणि पुढची जुडी सोडली. मी तेव्हा चिडून उठून गेले. कृपा हा शब्द लहानपणापासून हजार वेळा गाण्यांतून म्हटला होता मी, पण त्याचा अर्थ त्या मेथीपाशी बसलाय हे मला कळायला फार उशीर झाला.

दोन वर्षांपूर्वी आईला घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पेज. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी शेवटी पोटात नळी बसवली आणि त्या नळीतून आम्ही तिला दूध, पाणी, औषध घालायचो. तोंडातून काहीच नाही. आयुष्यभर गावाला खाऊ घालणारी बाई ती. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की म्हणायची, "आज वरणात हिंग कमी पडलाय त्येंच्या." मला आत जाऊन रडावं लागायचं.

पप्पांनी तिची सेवा केली, हे सांगितलंच पाहिजे. नळी धुवायचे, कूस बदलायचे, पाठीला पावडर लावायचे. थरथरत्या हातांनी, पण चुकू द्यायचे नाहीत. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरा शर्ट घालून तबक फिरवायला जायचे. मला बघवत नसे. एकदा त्यांना शर्ट घालताना बघून मी म्हटलं, "पप्पा, ती मरायला टेकलीय. आता तरी?" ते बटणं लावत राहिले. म्हणाले, "एक शब्द म्हणाली तर मी आत्ता आणतो गं. धावत आणतो." त्यांनाही ते हवंच होतं. मरण्याआधी तिला ती भाकरी मिळावी ह्यासाठी मी सांगलीला रजा टाकून बसले होते आणि तेही त्याचसाठी झुरत होते. मधे एक वाक्य आडवं पडलं होतं.

त्याच महिन्यात नवे पाळक आले. तरुण पोरगा, किडकिडीत, जुन्या मोटारसायकलवर. भेटीगाठी घेत घेत दुपारी आमच्याकडं आला. आईच्या कॉटशेजारी बसला, तिचा हात हातात घेतला, प्रार्थना केली. मग मला सहज विचारलं, "आईंना प्रभुभोजन कधी दिलं होतं?"

"देत नाहीत," मी म्हटलं.

"कोण देत नाही?"

मी हनुवटीनं पप्पांकडं दाखवलं. मग पप्पांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, सभेत वाचून दाखवावं तसं. पोरगा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, लायक माणसालाच द्यायचं असतं तर गेल्या रविवारी मी कुठल्या तोंडानं घेतलं?" आणि उठून गेला. मला वाटलं, गेला हाही. पण अर्ध्या तासात तो परत आला, पांढऱ्या फडक्यात छोटं तबक आणि पेला घेऊन.

पप्पा दारात उभे राहिले. "नियम आहे," म्हणाले.

"आहे. पण आईंनी चुकले म्हटल्यावर द्यायची ती मजुरी झाली, काका. ही मजुरी नाही."

"एक शब्द म्हणू दे तिला. चुकले, एवढंच. मी पाया पडतो तिच्या."

आईनं उशीवर मान हलवली. नाही. रागानं नव्हे, तिच्यात राग करायची ताकदच नव्हती.

पप्पा कॉटच्या कडेवर मटकन बसले. मग म्हणाले, "असं नुसतंच देता येत होतं, तर इतकी वर्षं मी काय केलं?"

ह्या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघितली होती! उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं जिव्हारी लागेल असं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि ते उत्तर मी तसंच ठेवून दिलं. ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्यभर भीत भीत चांगलं वागलेला, आणि कशासाठी ते त्याला आता कळत नव्हतं. पाळकांनी प्रार्थना म्हटली आणि तबक आईपुढं धरलं.

आईनं तुकडा उचलला. बोटं काड्यांसारखी झाली होती, पण तिनं तो नीट धरला. ओठांना लावला. क्षणभर तिचं तोंड हललं, लहान मुलाचं हलतं तसं. मग तिनं तो खाली घेतला. जाणार नव्हता. तिची थुंकीसुद्धा उतरत नव्हती, भाकरी कुठली उतरायला? इतक्या वर्षांनी भाकरी तिच्या हातात आली आणि गिळायला गळा राहिला नव्हता. मी भिंतीला टेकून रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता.

आईनं तो हात पप्पांच्या तोंडापाशी नेला.

"मला जात न्हाई," ती म्हणाली. आवाज म्हणजे नुसता श्वास. "तुमी खावा."

पप्पा मागं सरले. "मी? मी कसा खाऊ? मी खाण्याजोगा नाही गं."

हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"व्हय," आई म्हणाली. "तसल्यासाटीच हाय ते."

पप्पांनी तोंड उघडलं. तिनं तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला आणि ओठांना लागलेला कण बोटानं आत ढकलला. ते चावत होते आणि रडत होते, नाकातोंडातून पाणी वाहत होतं, घास काही खाली उतरेना. आई उशीवरून टक लावून बघत होती.

"गिळा," ती म्हणाली. "मला बघू द्या."